ताई, पगार किती लिहू?

अगं, व्हिसा हातात आला, नवऱ्याची रुजू व्हायची तारीख ठरली, डोंबिवलीच्या फ्लॅटला भाडेकरू मिळाला, लेकाचा शाळेचा दाखला निघाला, आणि तू अडून बसलीस कुठे, तर बँकॉकला उतरताना भरायच्या फॉर्मवर! ‘ताई, वार्षिक उत्पन्न विचारतात म्हणे. जास्त लिहिलं तर टॅक्सवाले मागे लागतील, कमी लिहिलं तर उलट पावली पाठवतील, आणि माझ्या जीएसटीच्या कामांचे पैसे लिहिले तर व्हिसाच जाईल. काय करू?’ एवढ्याशा मेसेजात तीन भीत्या एकत्र कालवल्यास. त्यातली एक अगदीच उगाच आहे, एक अर्धी खरी आहे आणि तिसरीला तू घाबरतेयस ते योग्यच आहे, फक्त चुकीच्या दारात उभी राहून घाबरतेयस. चहा घेऊन बस, सविस्तर सांगते.

तू ज्या कार्डाचा फोटो पाठवलास ना, ते आता राहिलेलंच नाही. त्याला टीएम ६ म्हणायचे. जुलै २०२२ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते थांबवलं, आणि १ मे २०२५ पासून त्याच्या जागी डिजिटल अरायव्हल कार्ड आलं. टीडीएसी म्हणतात त्याला. उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, पैसे काही नाहीत. त्यात पासपोर्टचा नंबर, जन्मतारीख, व्यवसाय, राहता देश आणि शहर, फोन, विमानाचा नंबर, येण्याचं कारण, इथला पत्ता आणि गेल्या चौदा दिवसांत कुठल्या देशांत होतात, एवढंच. उत्पन्नाचा रकाना त्यात नाही. म्हणजे तू रात्रभर ज्याच्यावर कूस बदललीस तो प्रश्न तुला कोणी विचारणारच नाहीये.

पण मग सगळे तेच का सांगतात? कारण ते जुनं कार्ड आमच्या सगळ्यांच्या हाताखालून गेलंय. मुंबईहून येणाऱ्या विमानात जेवणाचे ट्रे उचलले की हवाई सुंदरी ही कार्डं वाटत यायची. दोन भाग असायचे, येण्याचा आणि जाण्याचा. जाण्याचा तुकडा पासपोर्टात टाचून द्यायचे आणि तो हरवला की परतताना काउंटरवर फरफट. समोरच्या बाजूला नाव, पासपोर्ट, पत्ता. पलटलं की पहिल्यांदाच येताय का, टूरबरोबर आहात का, राहणार कुठे, आणि मग तो ‘वार्षिक उत्पन्न’. २०१७ मध्ये कार्ड सुटसुटीत केलं तेव्हा उत्पन्नाच्या चार चौकटी होत्या: वीस हजार डॉलरपर्यंत, वीस ते साठ हजार, साठ हजारांच्या वर, आणि उत्पन्न नाही.

ह्या चार चौकटींनी विमानात जी करमणूक व्हायची ती सांगायलाच हवी. एरवी पेनासाठी तीन रांगा मागेपुढे हात पसरणारी आपली माणसं त्या रकान्याशी आली की कार्डावर तळहात ठेवायची. एक काका शेजारी बसलेल्या बायकोकडे हळूच बघत मला म्हणाले होते, ‘हे खरं लिहायचं असतं का हो?’ त्यांना थाई सरकारची काही भीती नव्हती, समजलीस ना? दुसरी एक बाई डॉलर म्हणजे किती रुपये ह्याचा हिशेब उलटीच्या पिशवीवर करत होती. आणि ज्यांना काही सुचायचं नाही ते मागची बाजू कोरीच ठेवून काउंटरवर जायचे. अधिकारी समोरची बाजू बघायचा, शिक्का मारायचा, मोकळं करायचा. मागे काय आहे ते त्याने पलटून पाहिलेलं मला तरी आठवत नाही.

तो रकाना मुळात त्याच्यासाठी नव्हताच. थायलंडचा निम्मा जीव पर्यटनावर. २०१९ मध्ये जवळपास चार कोटी परदेशी येऊन गेले इथे. इतक्या लोकांतले लग्नाचा वाढदिवस साजरा करायला येणारे किती, खांद्यावर सॅक टाकून भटकणारे किती आणि ‘दर्जेदार पर्यटक’ किती, हे पर्यटन खात्याला हवं होतं. दर्जेदार हा त्यांचाच शब्द बरं का, खिशाकडे पाहून ठरवलेला. त्यासाठी कार्डाची मागची बाजू. आपल्यासारख्या इथे राहून नोकरी करणाऱ्यांना प्रत्येक दिवाळीहून परतताना तीच पर्यटकांची प्रश्नावली भरावी लागायची, आणि घोळ तिथेच होता. ‘पहिल्यांदाच येताय का?’ ला नाही म्हणायचं, ‘किती दिवस?’ समोर काय लिहावं कळायचं नाही, आणि उत्पन्नापाशी वाटायचं, हे मला का विचारताहेत, माझा पगार तर ह्यांच्याच देशात होतो!

आता अर्धी खरी भीती, टॅक्सवाल्यांची. लोक उगाच नाही बिचकत. २०१६ मध्ये इथल्या इमिग्रेशनने परदेशी रहिवाशांसाठी एक निराळा फॉर्म काढला होता. त्यात बँकेचं खातं, सोशल मीडिया, गाडी, इतकंच काय, नेहमी कुठे जाता-येता हेही लिहायचं होतं. कुठल्या हॉटेलात जेवता हे सरकारला सांगायचं म्हटल्यावर माणसं चिडणारच. मीही चिडले असते. एकदा असं झालं की पुढच्या प्रत्येक कागदाकडे माणूस तिरक्या नजरेने बघतो.

त्यात २०२३ च्या सप्टेंबरात थाई महसूल खात्याचा नवा आदेश आला. त्याआधी काय होतं, परदेशात मिळवलेले पैसे त्याच वर्षी थायलंडमध्ये आणले तरच कर. एक वर्ष तिकडे ठेवून मग आणले की सुटका. पेन्शनर, शेअरवाले, घरभाडं खाणारे, सगळे तेच करायचे आणि ते कायद्यात बसायचंही. आदेशाने ही फट बुजवली. १ जानेवारी २०२४ पासून, ज्या वर्षी तू इथली कर-रहिवासी असशील त्या वर्षी मिळवलेलं परदेशी उत्पन्न पुढे कुठल्याही वर्षी इथे आणलंस, तर ते हिशेबात धरायचं. नोव्हेंबरात आणखी एक आदेश काढून २०२४ च्या आधीची कमाई तेवढी वगळली. झालं, इथल्या गोऱ्या पेन्शनरांपासून बँकॉकच्या सिलोम भागातल्या आपल्या हिरे-माणकांच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, की आता विमानतळावरच कमाई विचारून कर लावणार. आणि तेवढ्यात डिजिटल कार्ड आलं! मग काय, चोराच्या मनात चांदणं आणि साध्याच्या मनातही चांदणं.

पण तूच विचार कर. तू एका चौकटीत टिक केलीस काय आणि नाही केलीस काय, त्यातून कोणाला काय कळणार? ‘वीस ते साठ हजार डॉलर’ ह्यावर कुठला अधिकारी कर आकारेल? खरी माहिती बँकेतून जाते. दोन देशांच्या बँका परदेशी रहिवाशांच्या खात्यांची माहिती आपापल्या सरकारमार्फत एकमेकांना दरवर्षी पाठवतात. भारत त्यात २०१७ पासून आहे, थायलंडने २०२३ मध्ये सुरुवात केली. खातं उघडताना बँक तुला विचारेल, तू कुठल्या देशाची कर-रहिवासी, तुझा कर क्रमांक काय. बहुतेकजणी त्या पानावर न वाचता सही करतात, कारण ते खात्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात असतं आणि समोरची मुलगी गोड हसून बोटाने जागा दाखवत असते. माझं ऐक, ते पान वाच. विमानातल्या कार्डावर रात्र जागवलीस ना, त्यातली दहा मिनिटं इथे खर्च कर.

आणि नवऱ्याचा पगार? तो तर इमिग्रेशनला कार्डाआधीच ठाऊक असतो. इथे नोकरीच्या व्हिसावर मुक्काम वाढवून घ्यायचा तर देशागणिक किमान पगार ठरवलेला आहे. युरोपीय, अमेरिकन, जपानी माणसाला महिना ५०,००० बाथ, आपल्या भारतीयांना ३५,०००. (ह्यावर माझं एक मत आहे, पण ते मी तू आल्यावर, दार लावून सांगेन.) दरवर्षी मुदतवाढीला जाताना कंपनीने कापलेल्या कराचे कागद, वर्षाचं रिटर्न, सगळं शिक्क्यानिशी इमिग्रेशनच्या चेंग वत्थनाच्या ऑफिसात मांडावं लागतं. हिशेब करून बघ, ३५,००० बाथ म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, डॉलरमध्ये बारा-तेरा हजार. जुन्या कार्डाच्या सगळ्यात खालच्या चौकटीत बसतो. म्हणून कोणाला परत पाठवलं का? अजिबात नाही. ज्याच्याकडे पगाराची चिठ्ठीच आहे त्याच्यापासून टिक लपवून काय मिळवायचं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं!

कार्डावरून तुझ्याबद्दल एक गोष्ट मात्र पक्की कळते आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ती म्हणजे तारीख. तू कधी आलीस, कधी गेलीस. थायलंडमध्ये एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलीस की तू इथली कर-रहिवासी. तिकडे भारतात आयकराचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि तिथेही दिवसच मोजतात. तुम्ही १ ऑगस्टला उतरताय. डिसेंबरअखेर इथले दिवस होतात १५३. म्हणजे ह्या वर्षी तुम्ही दोघंही इथले कर-रहिवासी नाही. नवऱ्याच्या इथल्या पगारावर कर लागणारच, कारण काम इथे, तो दिवसांवर अवलंबून नाही. पण भारतातल्या भाड्याचे ह्या डिसेंबरपर्यंत मिळालेले पैसे ही निराळी गोष्ट आणि जानेवारीनंतर, मुक्काम पक्का झाल्यावर मिळालेले, ती निराळी.

आता भारताच्या बाजूने बघ, कारण इथे तुला धक्का बसणार आहे. एप्रिल ते जुलै म्हणजे भारतात १२२ दिवस. नवरा नोकरीसाठी देश सोडतोय, त्याला १८२ दिवसांची सवलत, म्हणून तो ह्या वर्षासाठी अनिवासी. तू? तू नोकरीसाठी निघालेली नाहीस, तू नवऱ्याबरोबर निघालीयस. तुला साठ दिवसांचा नियम लागतो. वर्षात साठ दिवस, आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५. ते तुझे केव्हाच भरलेत. म्हणजे एकाच विमानातून, एकाच पीएनआरवर आलेली तुम्ही दोघं, तो आयकराच्या लेखी परदेशी आणि तू ह्या मार्चपर्यंत भारतातलीच! त्यामुळे इथे तुझ्या नावावर खातं उघडलंस, अगदी दोघांचं जॉइंट जरी, तरी ह्या वर्षीच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावं लागेल. ते न दाखवल्याचा दंड काळ्या पैशाच्या कायद्याखाली येऊ शकतो, तो ऐकून झोप उडेल. तुझी झोप उडवायला आधीच एक कार्ड पुरलंय, म्हणून आकडा सांगत नाही. मार्चपर्यंत थांब, किंवा खातं उघड आणि नीट दाखव. दोन्ही चालतं.

गंमत म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचं तिसरंच. त्याच्या दृष्टीने तू अनिश्चित काळासाठी देश सोडलास की पहिल्या दिवसापासून बाहेरची. म्हणून निघण्याआधी तुझं आणि त्याचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्या. भाडं त्यात येऊ दे. भाडेकरूला सांग की घरमालक अनिवासी झाला की भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी त्याची असते. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे ना? मग तुझा वाटा आणि त्याचा वाटा ह्या वर्षी वेगळा धरावा लागेल. हे तू दुसऱ्यांसाठी रोज करतेस, स्वतःसाठीही एक संध्याकाळ काढ.

आता ती तिसरी भीती. डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या दुकानांसाठी तू भरतेस ती जीएसटी रिटर्न.

टीडीएसीवर ‘व्यवसाय’ असा एक रकाना आहे आणि तुझी खरी अडचण तिथे आहे, उत्पन्नात नाही. तू अवलंबितांच्या व्हिसावर येतेयस. ह्या व्हिसावर वर्क परमिटशिवाय इथे काम करता येत नाही. तुझं म्हणणं मला माहीतेय: गिऱ्हाईक डोंबिवलीचं, पैसे डोंबिवलीच्या खात्यात, मी फक्त लॅपटॉप उघडते, थायलंडचा काय संबंध? पण इथला करकायदा बघतो ते काम कुठे बसून केलं. पैसे कुठल्या खात्यात पडले ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि वर्क परमिटचा कायदाही कामाची व्याख्या बरीच ऐसपैस करतो. प्रत्यक्षात इथे घरात बसून बाहेरदेशीचं काम करणारे पैशाला पासरी आहेत आणि त्यांच्या दारावर कोणी थाप मारत नाही, हेही खरं. बाहेरदेशीच्या कामासाठी येणाऱ्यांना २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा स्वतंत्र व्हिसाच काढला. पण तो वेगळा, तुझा वेगळा, आणि ‘कोणी पकडत नाही’ ह्या आधारावर मी माझ्या धाकट्या बहिणीला सल्ला देणार नाही.

मग व्यवसायात काय लिहायचं? गृहिणी लिही. थांब, भडकू नकोस. तू तुझी ओळख मिटवतेयस असं नाही. ज्या दिवशी तू उतरशील त्या दिवशी इथे तुझा तोच दर्जा असेल, कारण उतरायच्या आधी तू ती कामं दुसऱ्याकडे सोपवून आलेली असशील. हो, हेच सांगतेय. ऑगस्ट-सप्टेंबरात भरायची रिटर्न तुझ्या एखाद्या मैत्रिणीकडे दे, दुकानदारांना सांग की तीन-चार महिने ती बघेल. काम बंद केलंस म्हणजे फॉर्मवर लिहिलेलं खरं ठरतं. काम चालू ठेवून गृहिणी लिहिणं, आणि अवलंबितांच्या व्हिसावर येऊन ‘अकाउंटंट’ लिहिणं, दोन्हीत तुलाच घशाशी येईल. पहिल्याच महिन्यात इथल्या एखाद्या वकिलाकडे जा, तासाभराची फी दे, आणि समोर बसून विचार की मला घरून हे काम करायचंय, कसं करू. परमिट निघतं का, कंपनीमार्फत निघतं का, व्हिसा बदलावा लागेल का. नवऱ्याच्या एचआरला विचारू नकोस. त्यांना त्याच्या कागदांचं कळतं, तुझ्या नाही, आणि ते हसून ‘नो प्रॉब्लेम मॅडम’ म्हणतील.

मला माहीतेय तुला तो शब्द टोचतो. जुन्या कार्डावर ‘उत्पन्न नाही’ ही चौकट होती ना, तिच्यावर टिक करताना कितीतरी बायकांचे चेहरे मी पाहिलेत. बँकेतली पंधरा-वीस वर्षांची नोकरी सोडून आलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या, स्वतःचं क्लिनिक बंद करून आलेल्या. नवरा शेजारी साठ हजारांच्या वरच्या चौकटीत झोकात टिक मारतोय आणि ही पेन धरून बसलीय. एकीने तर रागाने चौकटीच्या बाहेर रेघ मारली होती. सरकारला पर्यटकांचा खर्चायचा आवाका मोजायचा होता आणि ह्या बायांना वाटायचं आपलं मोल मांडलं जातंय. तो रकाना गेला हे मला त्यासाठी बरं वाटतं. कर-बिर राहू दे.

आणि हो, पगाराची खरी चौकशी इमिग्रेशनवाले करत नाहीत, आपलीच माणसं करतात. गणपतीत आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात येते न येते तोच कोणीतरी विचारेल, ‘पॅकेज डॉलरमध्ये की बाथमध्ये? घरभाडं कंपनी देते? मुलाची फी?’ ह्या तीन प्रश्नांवरून तुझ्या नवऱ्याचा पगार ती बाई हजारापर्यंत बरोबर काढेल, कुठलंही महसूल खातं काढणार नाही इतका अचूक. तिथे मात्र तू बिनधास्त टाळ. ‘ह्यांनाच माहीत’ म्हण आणि मोदकाचं कौतुक कर. सरकारी कागदावर मोजकं आणि खरं, शेजारणीला गोड आणि मोघम, असं ठेवलंस की निभतं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं बघ. कट्ट्यावर सगळे आकडे मोकळेपणी सांगायचे आणि फॉर्मवर हात आखडायचा.

आईबाबांनी तुला घर लावायला काही पैसे देऊ केलेत असं आई म्हणाली. घे. आई-वडिलांकडून मिळालेली भेट इथे वर्षाला २ कोटी बाथपर्यंत करमुक्त आहे, आणि बाबांची एकंदर ऐपत बघता त्या मर्यादेची काळजी नको! पण बाबांकडून साध्या कागदावर ‘मुलीला भेट’ असं लिहून, सही करून घे आणि बँकेच्या पावतीला जोडून ठेव. पुढे कोणी विचारलं की हे पैसे कसले, तर तोंडाने सांगण्यापेक्षा कागद बरा. रोख मात्र आणू नकोस. भारतात परत येताना पाच हजार डॉलरच्या वर नोटा किंवा सगळं मिळून दहा हजारांच्या वर असलं तर कस्टम्सला लिहून द्यावं लागतं, आणि इथेही मोठी रोकड जाहीर करावीच लागते. कमाई कोणी विचारत नाही पण पर्समधली रोकड विचारतात, हे लक्षात ठेव. आणि तिथे ‘विसरले’ चालत नाही.

टीडीएसी भरताना एक सावधगिरी. गुगलवर शोधलंस की वरच्या तीन-चार साइट खोट्या निघतात. दिसायला अस्सल सरकारी, शेवटी कार्डाचा नंबर मागून पैसे कापतात. एवढंच नाही, तुमचे पासपोर्टचे तपशील भलत्याच्या हाती जातात. आता ही काळजी खरी आहे बघ, इथे घाबर. पत्ता टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट जीओ डॉट टीएच हाच. शेवटी जीओ डॉट टीएच नसेल तर पान बंद कर. कुठेही उत्पन्न, बँक खातं किंवा फी मागितली तर समज, तू चुकीच्या जागी आहेस. तिघांचा अर्ज एकत्र भरता येतो, लेकाचाही वेगळा तपशील लागतो. नाव पासपोर्टावर जसं आहे तसंच घाल. तुझ्या पासपोर्टावर अजून माहेरचं आडनाव आहे ना? मग तेच, त्याच्या आडनावाशी जुळवायला जाऊ नकोस. पत्त्यात पहिल्या दिवसाचं सर्व्हिस अपार्टमेंट चालेल. फ्लॅट मिळाल्यावर घरमालकाने चोवीस तासांत तुमची वर्दी द्यायची असते, करार करताना त्याच्याकडून ते कबूल करून घे. ह्या वर्दीला टीएम ३० म्हणतात. काही घरमालक हात झटकतात आणि मुदतवाढीच्या वेळी ते तुमच्या अंगाशी येतं.

आणि दिवाळीला मुंबईला यायचं म्हणतेस, तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढ. एका वेळचं १,००० बाथ, कितीही वेळा जायचं तर ३,८००. ते न काढता विमानात बसलीस की मुदतवाढ तिथेच संपते आणि सगळं पहिल्यापासून. उत्पन्नाची चिंता करणाऱ्या कितीतरी हुशार बायका ह्या साध्या कागदात अडकल्यात.

तिकिटाचा फोटो आणि पासपोर्टची पहिली पानं पाठव. २९ जुलैला रात्री तुमचं जेवण झालं की व्हिडिओ कॉल लाव, तिघांचं मिळून भरून टाकू. व्यवसायाच्या रकान्यावर पुन्हा वाद घालायचा असेल तर वकिलाशी घाल, माझ्याशी नको. आणि त्या मैत्रिणीला आजच फोन कर. जुलैचं रिटर्न ती भरणार, हे दुकानदारांना आधी कळू दे.